वाट परतीच्या बाजूने निवडा: म्हैसमाळच्या दोन दिवसांसाठी

लातूरहून एका गृहस्थांनी विचारलंय: सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात संभाजीनगरजवळच्या म्हैसमाळला दोन रात्री मुक्काम आहे. सोबत बायको, ११ वर्षांची मुलगी आणि ६८ वर्षांचे वडील. वडील रोज सकाळी ४ किलोमीटर चालतात, पण उजवा गुडघा अधूनमधून बोलतो. अवघड काही नको, देखण्या अशा तीन वाटा सांगा. आणि मोबाइलमधल्या ॲपवर ज्या वाटांना पाच तारे दिसतात, त्याच घ्याव्यात का?

ताऱ्यांचं आधी उरकतो. तारे देणारा कोण होता हे तारे सांगत नाहीत. आपल्या भागातल्या वाटांना बहुतेक तारे जुलै-ऑगस्टच्या रविवारी मिळालेले असतात आणि देणारी पोरं कॉलेजातली असतात. चार मित्र, भिजलेले टी-शर्ट, धबधब्याखाली फोटो. अशा दिवशी एसटी स्टँडलाही पाच तारे मिळतील. तुमच्या कामाची त्या ॲपवर एकच गोष्ट असते, ती म्हणजे वाटेचा चढ-उताराचा आलेख. तो कसा वाचायचा ते खाली येईलच.

संभाजीनगरातून माणसांना डोंगरात नेतोय त्याला २२ वर्षं झाली. एवढ्या वर्षांत ज्या सहली फसल्या, त्यातल्या फार थोड्या वाट अवघड होती म्हणून फसल्या. बाकीच्या फसल्या त्या चढ कुठे येणार आहे हे आधी पाहिलं नाही म्हणून.

किल्ल्यावर जाताना चढ आधी असतो. दम लागला, जमत नाही असं वाटलं, तर माणूस अर्ध्यातून फिरतो आणि परतीला उतारच असतो. थंड हवेच्या ठिकाणी सगळं उलटं. तिथे तुम्ही गाडीने माथ्यावर पोचलेले असता. मुक्काम माथ्यावर, नाश्ता माथ्यावर, आणि तिथून निघणारी बहुतेक वाट आधी खाली जाते. उतरताना पाय हलके, गप्पा सुरू, पोरगी पुढे पळतेय, आणि "किती सोपं आहे" म्हणता म्हणता तुम्ही दीड-दोनशे मीटर खाली आलेले असता. चढ येतो तो परतीला. तेव्हा दुपारचे साडेबारा झालेले असतात, बाटलीत पाणी अर्धं उरलेलं असतं आणि गुडघा उतरतानाच दुखायला लागलेला असतो. म्हणून हिल स्टेशनवर मी वाट परतीच्या बाजूने निवडतो. शेवटचा तास कसा जाईल हे आधी पाहतो, कुठे जायचं ते नंतर.

ही अक्कल मला फुकट आलेली नाही. पंधराएक वर्षांपूर्वी १४ जणांना घेऊन म्हैसमाळच्या पठारावरून एका ओढ्याच्या घळीत उतरलो. खाली सुंदर डोह होता, सगळे खूश. उतरायला पाऊण तास लागला आणि वर यायला तीन तास. एका काकांच्या पोटऱ्यांत गोळे आले, ते दर पन्नास पावलांवर बसायचे. काकांना कुणी काही म्हटलं नाही, मलाही कुणी काही म्हटलं नाही, आणि ते जास्त लागलं. साठीच्या माणसाला सकाळी दहाला खाली नेऊन दुपारी दीडच्या उन्हात वर चढवायचा बेत माझाच होता ना!

हिशोब साधा आहे. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश माणसाने १८९२ साली एक ठोकताळा दिला: ताशी ३ मैल चाल धरा, आणि दर २,००० फूट चढाला एक तास जादा. पण तो त्या थंड देशातला, सरावल्या पायांचा. आपल्याकडे घरच्या माणसांसाठी मी सपाटीला ताशी ३ किलोमीटर धरतो आणि प्रत्येक १०० मीटर चढाला वर २० मिनिटं. सोबत मूल किंवा वडीलधारं असेल तर आलेल्या वेळेत चौथा हिस्सा आणखी घालतो, फोटो आणि करवंदीच्या जाळीसाठी. आता ॲपवरचा आलेख उघडा. रेघ मधोमध खाली झोपत असेल, म्हणजे आलेखाला दरीचा आकार असेल, तर ती वाट तुमची नाही, तिला दहा तारे असोत. आलेख टेकडीसारखा असेल तर चालेल. रेघ सपाट असेल आणि नकाशावर ती वाट कड्याच्या काठाने जात असेल, तर डोळे झाकून घ्या. पाय टाकताना मात्र डोळे उघडे ठेवा.

"खाली उतरलोच नाही तर बघायचं काय?" हा पुढचा प्रश्न मला दरवेळी येतो. उत्तर आपल्या दगडात आहे. हा सगळा डोंगर लाव्ह्याच्या थरांचा, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, टोपल्यात भाकरीवर भाकरी ठेवावी तसा. कठीण थर असतो तिथे उभा कडा राहतो. मधला मऊ थर झिजून त्याची आडवी पट्टी होते. झिरपणारं पाणी त्या पट्टीवर बाहेर येतं, झाडी तिथे दाट होते आणि गुराख्यांच्या वाटाही तिथूनच जातात. माथा मात्र परातीसारखा सपाट. त्यामुळे आपल्या भागात सुखाने चालायच्या जागा दोनच: परातीची कड, नाहीतर कड्याचा पायथा. दोन्ही आडव्या, आणि देखणंही तिथेच सगळ्यात जास्त. कष्ट आहेत ते एकीवरून दुसरीवर जायच्या उभ्या वाटेत. ती उभी वाट तुमच्यासाठी गाडीने करावी, हा माझा सल्ला. काहींना यात कमीपणा वाटतो. त्यांच्या वडिलांना विचारा.

तेव्हा तुमच्या तीन वाटा: एक कडेची, एक टेकडीची, एक पायथ्याची.

पहिली म्हैसमाळचीच. पोचाल त्या दिवशी संध्याकाळी, चहा झाला की. खुलताबादहून १२ किलोमीटरचा रस्ता चढून आलात की हवा बदललेली कळतेच. शहर ५७० मीटरच्या आसपास आहे, म्हैसमाळ हजाराच्या घरात. गिरिजामातेचं दर्शन घ्या आणि मावळतीच्या बाजूच्या कड्याकडे चालू लागा. सगळी मिळून ४ ते ५ किलोमीटरची फेरी, चढ-उतार नावाला. सप्टेंबरात इथे गवत गुडघ्याएवढं असतं, सोनकी पिवळी झालेली असते, तेरडा गुलाबी. खाली बघितलं की वावरांचे चौकोन, आणि मधेमधे निळा-काळा कागद अंथरलेली शेततळी आरशाच्या तुकड्यांसारखी चमकतात. याच डोंगरातली गिरिजा नदी पूर्वेला फुलंब्रीकडे जाऊन पूर्णेला मिळते आणि येळगंगा दुसऱ्या अंगाने वेरूळकडे उतरते. शेवटी दोन्हींचं पाणी गोदावरीतच. मुलीला हे कड्यावर उभं राहून सांगा. भूगोलाच्या पुस्तकात ती जांभया देईल, इथे नाही देणार.

काठापासून दोन-तीन पावलं आत राहा. हे सगळेच सांगतात, कारण सांगत नाहीत. पावसाळ्याच्या शेवटी काठावरचं गवत पुढे झुकलेलं असतं आणि त्याच्याखाली जमीन आहे की नुसती हवा हे वरून कळत नाही. दुसरी गोष्ट मुरमाची. उताराच्या कातळावर मुरमाचे बारीक खडे पसरलेले असतात, त्यांच्यावर पाय म्हणजे फरशीवर सांडलेल्या ज्वारीवर पाय. ओला कातळ बरा, निदान तो निसरडा दिसतो तरी. कोरडा मुरूम दिसायला भला माणूस आणि फसवायला पक्का. तिथे टाच रोवून, पाऊल आडवं टाकून उतरायचं. वडिलांच्या हातात खांद्याएवढी बांबूची काठी द्या. त्या महागाच्या घडीच्या काठ्या नसल्या तरी चालतं.

धुकं आलं तर? येतंच. म्हैसमाळच्या पठारावर दूरदर्शनचा उंच मनोरा आहे, सगळे त्याच्यावर नजर ठेवून फिरतात. ढग उतरला की पहिल्यांदा तोच गायब होतो. एकदा मी, म्हणजे हे सगळं शहाणपण शिकवणारा मी, पांढऱ्या धुक्यात सरळ चालतोय अशा खात्रीने चाळीस मिनिटं चाललो आणि ज्या तारेच्या कुंपणापासून निघालो होतो त्याच कुंपणाला येऊन धडकलो. कुंपणावर मीच वाळत टाकलेला रुमाल होता. सपाट पठारावर माणूस सरळ चालत नाही, गोल फिरतो. तेव्हा दहा पावलांपुढचं दिसेनासं झालं की जिथे असाल तिथे बसा. पंधरा-वीस मिनिटांत ढग बऱ्याचदा विरळ होतो. निघतानाच मोबाइलमध्ये वाट नोंदवायला लावली असेल तर आल्या पावली परत या. काठाकडे मात्र अजिबात नाही.

आणि विजा. सप्टेंबरात दुपार कलली की ढग चढतात, आणि सपाट माळावर सगळ्यात उंच वस्तू म्हणजे आपण. सरकारी "दामिनी" ॲप मोबाइलमध्ये टाकून ठेवा, जवळपास वीज पडतेय का ते दाखवतं. गडगडाट ऐकू आला की फेरी संपली असं समजा. एकट्या झाडाखाली जायचं नाही, गाडीत बसायचं.

दुसरी वाट शूलिभंजनची, दुसऱ्या दिवशी पहाटे. खुलताबादजवळची ही टेकडी. वर दत्ताचं देऊळ आहे. पैठणच्या एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीचे किल्लेदार होते. गुरूंच्या सांगण्यावरून नाथांनी या टेकडीवर तप केलं आणि इथेच त्यांना दत्तदर्शन झालं असं मानतात. वर गाडीरस्ता आहे. तो आहे म्हणूनच ही वाट तुमच्यासाठी निवडली. तुम्ही तिघं पायथ्याशी उतरा आणि चढून जा, वडील गाडीने पुढे जाऊन वर बसतील. चढ आधी, सकाळच्या गारव्यात. मुलीने अर्ध्यात हात टेकले तर फोन करून गाडी बोलवता येते. परतताना सगळेच गाडीत. मी सांगितलेला नियम इथे आपोआप पाळला जातो. वर एक शिळा आहे, तिच्यावर छोट्या खड्याने टकटक केली की धातूसारखा नाद निघतो. पोरांना तिथून उठवावं लागतं.

सहाला पायथा सोडा. साडेसातनंतर इथे भाविकांच्या गाड्या सुरू होतात आणि पाखरांचे आवाज हॉर्नमध्ये बुडतात. शनिवार टाळता आला तर टाळा, खुलताबादला भद्रा मारुतीची गर्दी असते आणि तुम्ही सूर्योदयाऐवजी पार्किंग बघाल.

तिसरी वाट ऐकून तुम्ही म्हणाल ही काय वाट झाली. वेरूळ. वेरूळला लोक लेणी बघायला जातात. तुम्ही एकदा चालायला म्हणून जा. सह्याद्रीच्या या फाट्याचा कडा इथे मावळतीला तोंड करून उभा आहे आणि त्याच्या पायथ्याने दोन किलोमीटरवर ३४ लेणी ओळीने आहेत: १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू, ३० ते ३४ जैन. म्हणजे दक्षिणेकडून उत्तरेकडे चालत गेलात तर कड्याच्या पायथ्याची, जवळजवळ सपाट, मधेमधे सावलीला बसायला दगडी ओसऱ्या असलेली वाट मिळते. असली सोय जगात कुठे आहे? कडा पश्चिमेला तोंड करून असल्यामुळे सकाळी साडेनऊ-दहापर्यंत सगळी वाट डोंगराच्या सावलीत असते. दुपारनंतर तीच वाट तव्यासारखी. बहुतेक सहली देवगिरी उरकून दुपारी तीनला येतात आणि तापलेल्या कातळाला नावं ठेवत जातात.

१६ क्रमांकाचं कैलास लेणं आधी आतून बघू नका. त्याच्या बाजूने कड्यावर जाणारी वाट आहे, ती चढा. आठव्या शतकात राष्ट्रकूटांनी डोंगर वरून खाली कोरत नेला, तर आपणही वरूनच बघावं. तीसेक मीटर खोल खड्ड्यात अख्खं देऊळ, आणि सभामंडपाच्या सपाट छतावरचे ते चार सिंह थेट तुमच्या नजरेच्या खाली. ही चढण छोटी आहे, पण ओली असताना वाईट. शिट्टी वाजवून रखवालदाराने थांबवलं तर वाद घालू नका, त्याने घसरलेली माणसं पाहिलेली असतात. वडिलांनी तोवर खाली थांबावं. पुढे २९ क्रमांकाच्या लेण्याशी येळगंगेचा धबधबा पडतो, त्या डोहाला सीतेची न्हाणी म्हणतात. आदल्या संध्याकाळी म्हैसमाळला ज्या डोंगराचं पाणी पाहिलं, तेच इथे कड्यावरून उडी घेतं. सप्टेंबरात त्याला चांगला जोर असतो. मात्र पाऊस फार झाला असेल तर त्या बाजूची वाट बंद करतात. जैन लेण्यांकडून परत यायला गाडी मिळते, तेव्हा शेवटचा तास इथेही गुडघ्याच्या बाजूचा. एक लक्षात ठेवा: वेरूळ मंगळवारी बंद असतं, अजिंठा सोमवारी. दरवर्षी कुणीतरी मंगळवारी दारापर्यंत जाऊन मला फोन करतं.

आता तुम्ही विचारलं नाहीत तरी मनात असेल, "खरा" ट्रेक एखादा? हवामान साथ देत असेल तर घरी परतायच्या आधी पितळखोरं करा. वेरूळहून कन्नडमार्गे ४० किलोमीटरच्या आसपास. गौताळा औट्रमघाट अभयारण्याच्या डोंगरात एका घळीच्या पोटात कोरलेली ही लेणी इसवी सनाच्या आधीची, अजिंठ्याच्या सुरुवातीच्या लेण्यांइतकी जुनी. इथला एक बुटका हसरा यक्ष आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तो कान्हदास नावाच्या सोनाराने घडवला असं त्याच्या हातावर कोरलेलं आहे. सोनाराचा हात दगडात किती मऊ चालतो ते इथल्या उरलेल्या हत्तींच्या रांगेतही दिसतं. कातळातून पाणी काढून द्यायला नागाच्या आकाराची पन्हळ कोरली आहे, ती मुलीला शोधायला लावा.

पण पितळखोरं ही दरीच्या आकाराची वाट आहे. गाडी वर थांबते आणि पायऱ्या खाली घळीत उतरतात, म्हणजे चढ परतीला. हे मी जाणूनबुजून सुचवतोय, कारण इथे उतार थोडा आहे आणि पायऱ्या आहेत. तरी वडिलांना वरच ठेवा. वरून घळीचं सगळं चित्र दिसतं, सावली आहे, आणि निवांत बसायला मिळालं तर त्या पिढीला काही नको असतं. तुम्ही तिघं सकाळी आठच्या आत उतरा आणि दहाच्या आत वर या.

इथे दोन गोष्टींची खरी भीती असते. एक आग्या मोहोळ. कड्याच्या कपारीत काळी लोंबती पोळी दिसली की आवाज नाही, धूर नाही, सेंट-अत्तर लावून तर मुळीच जायचं नाही. पोरं दगड मारतात, आणि माशा मागून येणाऱ्या माणसाला धरतात. दुसरी गोष्ट ओढ्याचं पाणी. तुमच्या डोक्यावर ऊन असतं आणि वरच्या पठारावर अर्ध्या तासापूर्वी पाऊस झालेला असतो. पाणी गढूळ व्हायला लागलं, पालापाचोळा वाहत येऊ लागला, की पाय बाहेर काढायचे आणि ज्या काठावर परतीची वाट आहे त्या काठावर जायचं. पलीकडे अडकला तर रात्र पलीकडेच. या डोंगरावर पाऊस काय करतो ते ३१ ऑगस्ट २०२१ ला सगळ्यांनी पाहिलं. कन्नडच्या घाटात दरडी कोसळल्या आणि धुळे-सोलापूर महामार्ग ठप्प झाला.

गौताळ्याच्या जंगलात शिरायचं तर वनखात्याच्या नाक्यावर नोंद करूनच. १९८६ साली जाहीर झालेलं, २६० चौरस किलोमीटरचं हे अभयारण्य. बिबट्याची चौकशी सगळे करतात, अस्वलाची कुणी करत नाही. मला विचाराल तर समोर यायचाच असेल तर बिबट्या यावा, तो निघून जातो. अस्वलाला कमी दिसतं, दचकलं की अंगावर येतं. म्हणून दाट झाडीत बोलत चालायचं आणि पहाटे-संध्याकाळी तिथे असायचंच नाही.

वाटेत कुणाला विचाराल तर कसं विचाराल, हेही सांगतो, कारण यात शहरातली माणसं हमखास फसतात. कड्यावर गुराखी भेटतो. "मामा, खाली धबधब्याला किती वेळ लागल?" मामा म्हणतात, "ह्ये काय, हितंच. बिडी वढूस्तोर." मामा खोटं बोलत नाहीत. त्यांची बिडी आणि त्यांचे पाय, दोन्ही वेगळे. वेळ आणि अंतर विचारूच नका. विचारा, "मामा, या वाटेनं म्हशी खाली नेता का?" हो म्हणाले तर वाट तुमच्या घरच्यांना झेपेल. म्हैस उगाच उभा उतार घेत नाही, ती वळणावळणाने जाते आणि वाट रुंद करून ठेवते. "छ्या, म्हशी कुठल्या, शेरडं जात्यात" असं उत्तर आलं तर हात जोडून मागे फिरा. माणूस भेटला नाही तर जमिनीकडे बघा. शेणाचे पो दिसले तर चला. नुसत्या लेंड्या दिसल्या तर ती शेळ्यांची वाट, पुढे कुठेतरी हात टेकावे लागणार. बावीस वर्षांत मला याहून भरवशाची खूण सापडलेली नाही.

सामानाचं फार नाही. माणशी दोन लिटर पाणी, कारण डोंगरावरचं टाकं किंवा ओढा तुमच्या पोटाला सवयीचा नाही. मागे घट्ट बसणारे, खोल नक्षीच्या तळव्याचे बूट. मुलीचे शाळेचे गुळगुळीत झालेले बूट नकोत. छत्री नको, रेनकोट हवा, कारण कड्यावरचा वारा छत्रीसकट ओढतो. भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, गुळाचा खडा. बिस्किटांनी चढ होत नाही. म्हैसमाळला भाजलेली कणसं मिळतात, ती परतल्यावर. आणि वावरातून जाणारी पांदणवाट पावसानंतर टाळा. तुम्ही लातूरकर, काळ्या मातीचं तुम्हाला काय सांगायचं? दहा पावलांत बुटाचं वजन दुप्पट होतं. नकाशावर ती आखूड दिसते, पण मुरमाचा लांबचा रस्ता आधी पोचवतो.

वडिलांच्या गुडघ्याची परीक्षा म्हैसमाळला घेऊ नका, घरीच घ्या. रोजचे ४ किलोमीटर सपाटीचे आहेत, त्यावरून उताराचा अंदाज येत नाही. आधीच्या एखाद्या रविवारी त्यांना औशाकडच्या खरोसा लेण्यांच्या टेकडीवर किंवा उदगीरजवळच्या हत्तीबेटावर घेऊन जा. चढताना ते काय म्हणतात त्याकडे लक्ष देऊ नका, वडील माणसं "काही नाही, चल" हेच म्हणतात. उतरताना कठडा धरतात का, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खुर्चीतून उठताना हात टेकतात का, एवढंच बघा. टेकत असतील तर शूलिभंजन आणि पितळखोऱ्याला ते गाडीत, म्हैसमाळची कड आणि वेरूळचा पायथा मात्र त्यांना आरामात जमेल.

वेताळवाडीचा किल्ला, अजिंठ्याचा व्ह्यू पॉइंट, अंतूरचा किल्ला हे सगळं या खेपेत कोंबू नका. सोयगावकडचा वेताळवाडी माझा सगळ्यात लाडका आहे. तटबंदी अजून उभी, आणि उत्तरेच्या टोकाच्या कमानींतून खाली खानदेश पसरलेला दिसतो. पण म्हैसमाळहून जाऊन येऊन अख्खा दिवस गाडीतच जाईल. त्यासाठी थंडीत फर्दापूरला मुक्काम करून वेगळे या. तेव्हा अजिंठ्याला व्ह्यू पॉइंटवर वरून जायचं, चालत लेण्यांकडे उतरायचं आणि गाडी आधीच खाली पाठवून द्यायची. १८१९ साली शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला ही लेणी समोरच्या डोंगरावरूनच दिसली होती. अंतूरला जाल तेव्हा वाटेतला निजामशाहीच्या काळातला दगडी खांब बघायला विसरू नका. चारही बाजूंना कुठली वाट कुठे जाते ते फारसीत कोरलंय.

तर बेत असा धरा. पहिल्या संध्याकाळी म्हैसमाळची कड. दुसऱ्या दिवशी सहाला शूलिभंजन, तिथून थेट वेरूळ, अकराला जेवण आणि दुपारी झोप. हो, झोप, थंड हवेच्या ठिकाणी आलात ना? संध्याकाळी परत कडेवर, आदल्या दिवशीच्या जागी. उजेड वेगळा असतो, बघाच. तिसऱ्या दिवशी सकाळी पितळखोरं आणि तिथूनच घरची वाट. दुसऱ्या दिवसाचा मंगळवार येत असेल तर मुक्कामाची तारीखच एक दिवस पुढे-मागे करा. आणि तिसऱ्या दिवशीच्या आदल्या रात्री पाऊस जोरात झाला, पत्र्यावर आवाज होऊन झोपमोड झाली, तर पितळखोरं सोडून द्या आणि सकाळी पुन्हा शूलिभंजनला जा. पाऊस धुऊन गेल्यावरची सकाळ असेल, तर या खेपेला वडिलांनाही शेवटच्या वळणावर गाडीतून उतरवून थोडं चालवा.